ताकदीच्या गोळ्या

वलगावची दुर्गाबाई काही खोटारडी बाई नव्हती. बाजारात भाजीवाली एक भाव सांगायची आणि ही त्याचा अर्धा करून मागायची, पण तेवढं कोणी खोट्यात धरत नाही. खोटं म्हणावं असं खोटं ती जन्मात एकदाच बोलली, आणि बोलली तेही असं, की दोन घरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात तिची चूक किती आणि पोरीच्या लग्नापायी आईबापाला खोटं बोलायला लावणाऱ्या आपल्या रीतीची किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पोरगी तिची एकुलती एक, मनकर्णा. दिसायला उजवी, हाताला चलाख. कापूस वेचायला गेली की बाकीच्या बायांच्या आधी हिची ओटी भरायची. अशी ही पोरगी एका दुपारी ओटीतला कापूस शेताच्या धुऱ्यावर सांडून घरी आली आणि आईला म्हणाली, "माय, पऱ्हाटीत बसून त्या बाया माह्याच गोठी करून राहिल्या."

"कोनत्या बाया?"

"दिसत नाईत. आवाज येते."

दुर्गाबाईनं तिला ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस चोळला. पण आवाज काही उन्हाचे नव्हते. ते घरात आले, चुलीपाशी आले, निजायच्या वाकळेत आले. जेवणात कोणी काही कालवलं म्हणून पोरगी ताट सारून द्यायला लागली. अंगणात एका जागी उभी राहायची ती सावली फिरली तरी हलायची नाही. मग काय, आपल्याकडे होतं तेच झालं. देवऋषी आला, त्यानं कडुनिंबाच्या डहाळ्यांनी पोरीला झोडपलं. अचलपूरच्या फकिराचा ताईत आला. पोरीचं अंग सुजलं, हाडं वर आली, आणि आवाज होते तिथंच राहिले. शेवटी शाळेच्या मास्तरणीनं दुर्गाबाईला दटावलं तेव्हा नवराबायको पोरीला छकड्यात घालून अमरावतीला, कँपातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर तिरसट माणूस होता. उगाच गोड बोलत नसे. त्यानं दोन तऱ्हेच्या गोळ्या समोर ठेवल्या, एक पांढरी आणि एक पिवळी.

"बाई, नीट ऐका. ही पांढरी म्हणजे औषध. पाच-सात वर्षांपूर्वी असतं तर मी तुम्हाला हात जोडून परत पाठवलं असतं, तेव्हा ही गोळी नव्हती. आता आहे. हिच्यानं ते आवाज दबतील. पिवळी नुसती ताकदीची, जीवनसत्त्वाची. पोरगी वाळून काडी झाली आहे, म्हणून देतो. सोबत शेंगदाणे, गूळ, मेथी, चालत असेल तर अंडी. पिवळी एखादे दिवशी राहिली तरी आभाळ कोसळणार नाही. पांढरी बंद झाली तर इथंच येऊन रडाल."

"किती रोज द्यायची जी?"

"मी सांगेपर्यंत. आणि मी लवकर सांगणार नाही. आणखी एक, उन्हात फार फिरू देऊ नका. ही गोळी पोटात असली की उन्हानं अंग करपतं."

पहिले काही दिवस पोरगी नुसती झोपून होती. जीभ जड, तोंड कोरडं, हात थरथरत. शेषराव, म्हणजे मनकर्णाचा बाप, म्हणाला की डॉक्टरनं पोरगी आणखीच बिघडवली. दुर्गाबाईनं ऐकलं नाही. डोळ्यांत तेल घालून ती गोळी देत राहिली. गोळी वरून गोड आणि आत कडूजहर, म्हणून पोरगी थुंकू पाहायची. तेव्हा दुर्गाबाई तिच्यापुढं बसून राहायची, गिळलेलं दिसेपर्यंत. आणि खरंच, हळूहळू आवाज लांब गेले. भुलाबाईच्या सणाच्या दिवसांत मनकर्णा शेजारच्या पोरींत जाऊन बसली आणि गाणं म्हणाली. दुर्गाबाई दाराआड उभी राहून पदरात रडली. त्या गोळीनं पोरीचं अंगही भरलं, गाल वर आले. काडी होती ती चांगली भरदार दिसायला लागली.

आणि मग तेल्हाऱ्याचं स्थळ आलं. घर चांगलं, काळी जमीन, सासू विधवा पण करारी, पोरगा सूर्यभान शांत आणि कष्टाळू. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "लग्न करा, नाही कशाला म्हणू. पण सांगून करा. आणि पांढरी चालू ठेवा."

घरी आल्यावर शेषराव म्हणाला, "सांगतलं त पोरगी याच घरात म्हातारी होईन. येडी म्हनून नाव पडलं की मंग कोन पायते तिच्याकडं?"

दुर्गाबाईनं मग एक तोड काढली. पिवळ्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता, त्यावर दंड फुगवून उभ्या असलेल्या तालमीतल्या माणसाचं चित्र होतं. तिनं पिवळ्या काढल्या आणि पांढऱ्या त्या डब्यात भरल्या. विहीणबाईला सांगितलं, "पोरीले लहानपणापासून कमजोरी हाय. ताकदीच्या गोळ्या चालू हायेत, तेवढ्या घेऊ द्या." विहीण गोदाबाई म्हणाली, "घेऊ द्या ना. आमच्या घरी खायाप्याले कोनी नाई म्हनत नाई." झालं. एवढंच ते खोटं.

हळदीच्या दिवशी दुर्गाबाईनं पोरीला गोठ्यात नेलं आणि तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. "ह्या गोळ्या कायच्या हायेत हे तिकडं कोनाले सांगशीन, त माहं मेलेलं तोंड पाहशीन. माही आन हाय तुले."

मनकर्णा आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "नाई सांगत," ती म्हणाली.

वर्ष बरं गेलं. नागपंचमीला पोरगी आली, दिवाळीला आली, हसत आली आणि हसत गेली. दुर्गाबाई दर खेपेला डबा भरून द्यायची आणि मनातल्या मनात डॉक्टरला म्हणायची, पाहा, न सांगताही झालं की नाही. संक्रांतीला तर तिनं वाणाबरोबर उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढा मोठा डबाच धाडून दिला.

वैशाखात तेल्हाऱ्याचा पुंजाराम कापसाच्या कामानं अमरावतीला आला आणि नात्यातला म्हणून वलगावला डोकावला. पाणी पिता पिता म्हणाला, "तुमचे जवाई बिमार हायेत, मालूम हाय ना? सारा दिवस निजून रायतात. परवा वखर हाकता हाकता चक्कर येऊन पडले. बैल शांत होते म्हनून वाचले."

"काय झालं मंग त्यायले?"

"कोनाले मालूम. कोनी म्हनते नजर लागली, कोनी म्हनते सून पांढऱ्या पायाची." तो जरा अडखळला. "लोकं काय, बोलतातच."

"अन् मनकर्णा?"

"ते बरी हाय. आताशा बोलत नाई जास्त."

जावयाच्या आजारानं दुर्गाबाईला काळजी वाटली, पण त्या शेवटच्या बोलण्यानं तिला त्याचाही विसर पडला. मनकर्णाचं न बोलणं काय असतं ते तिच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती कँपात जाऊन डॉक्टरकडून गोळ्या घेऊन आली, पांढऱ्या गोळ्या तसल्याच चित्राच्या डब्यात आणि पिवळ्या गोळ्या कागदाच्या पुडीत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या मोटरीनं तेल्हाऱ्याला निघाली. शेषरावाची वखरणी अर्ध्यावर होती, तो आला नाही. खरं तर त्याला विहीणबाईच्या डोळ्याला डोळा द्यायची भीती वाटत होती, पण ते तो कशाला बोलतो.

अकोल्याला मोटर बदलली, अकोटला पुन्हा बदलली. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येईना. सारा रस्ता दुर्गाबाई पिशवी छातीशी धरून एकच म्हणत होती: पोरगी गोळ्या घेत असेल, घेतच असेल, तिनं शपथ खाल्ली आहे. शपथ गोळ्या घेण्याची नव्हती, कोणाला न सांगण्याची होती, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

गोदाबाई दारातच भेटली. पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, टोपलीभर काळजी बोलून दाखवली, आणि दुर्गाबाई टेकते न टेकते तोच म्हणाली, "बरं झालं आल्या, इहीनबाई. गोळ्या आनल्या ना?"

"आनल्या ना. काहून?"

"अवं, त्या संपत आल्या. त्याच्यानंच सूर्यभान जरा उभा तरी रायते."

दुर्गाबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. "जवाईबापू घेतात त्या गोळ्या?"

"त मंग." गोदाबाईचा आवाज भरभरून आला, चांगलं काही केलं की येतो तसा. "मी काय आंधळी हाव? तुमची पोरगी आली तवा ठीक होती, वर्षात कशी भरली होती पाहा. म्हटलं, डब्यात जादू हाय. चित्रच पाहा ना त्याच्यावरचं. अन् माह्या पोराच्या बरगड्या मोजून घ्या. शेतात राबते कोन? होळीपासून त्याले द्याले लागली. पहिले अर्ध्या तिले, अर्ध्या त्याले. मंग म्हटलं बाईमानसाले कायले पाहिजे एवढी ताकद, घरातच त असते. मंग साऱ्या त्यालेच. अन् त्याले कमजोरी आली म्हनून मी दोनाच्या चार केल्या. सूनबाई काहीच नाई बोलली हो. गुणाची हाय. सोताच काढून देते, पान्याच्या गिलासासंग."

दुर्गाबाईनं पेला खाली ठेवला. आपल्या घरांतून जे चांगलंचुंगलं असतं ते आधी पुरुषाच्या ताटात जातं, सुनेच्या वाट्याला भांड्याला चिकटलेलं येतं. हे तिला माहीत नव्हतं का? ती स्वतः तेच करत आली होती. औषध औषध म्हणून दिलं असतं तर कोणी त्याला हात लावला नसता. ताकद म्हणून दिलं, आणि ताकद सुनेच्या तोंडी कोण राहू देतो.

सूर्यभान माजघरात बाजेवर पडला होता. दुर्गाबाईला बघून उठायला गेला आणि कलंडला. कपाळ, नाक, मान, हाताच्या पाठी, उन्हात उघडं राहिलेलं सगळं अंग काळंलाल होऊन सोलवटलं होतं. ओठ चिकटलेले. "या, मामी," असं तो म्हणाला ते सुद्धा तोंडात भरलेल्या लाडवातून म्हटल्यासारखं. हात थरथरत होते. दुर्गाबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. हे सगळं तिनं आपल्या घरी आपल्या वाकळेवर पाहिलं होतं.

"निजून राहा, जवाईबापू," ती म्हणाली आणि तिथून सरळ चुलीपाशी गेली.

मनकर्णा भाकरी थापत होती. एक भाकर तव्यावर जळून कोळसा झाली होती आणि ती दुसरी थापत होती. डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. मनगटं पुन्हा काडीसारखी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आई आल्याचं तिनं पाहिलं, पण मान वर केली नाही.

"मनकर्णे. बाई माही. तू गोळी काहून नाई घेतली?"

पोरीचे हात थांबले. तिनं दाराकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या रांजणाकडे पाहिलं, मग पिठाचा हात उचलून आईच्या तोंडावर घट्ट दाबला. इतका घट्ट की दुर्गाबाईचा श्वास कोंडला. "बोलू नको," ती कुजबुजली. "ते आयकून राहिले."

दुर्गाबाईनं तिचा हात हळूच काढला आणि तोंडावरचं पीठ पुसलं. तिला जमिनीवर पडून हंबरडा फोडावासा वाटत होता. पण रडायला फुरसत नव्हती. डोकं चालवायला हवं होतं, आणि डोकं एकाच जागी फिरत होतं: सांगितलं तर पोरीचा संसार गेला, न सांगितलं तर पोरगी गेली, आणि सोबत दुसऱ्या बाईचा पोरगाही. रोज चार गोळ्या पोटात घेऊन माणूस वखरावरून पडला, उद्या विहिरीवर जाईल.

आणि तेवढ्यात तिला पिशवीतली पिवळ्या गोळ्यांची पुडी आठवली. वाटलं, देवानंच आठवण दिली. खोट्यावर आणखी एक खोटं ठेवलं की सगळं नीट बसणार होतं.

डबा आणि पुडी काढून ती माजघरात येऊन बसली आणि गोदाबाईला म्हणाली, "इहीनबाई, घोटाळा झाला थोडा. पांढऱ्या गोळ्या बायकांच्या असतात. मानसाच्या पिवळ्या. मानसानं पांढऱ्या घेतल्या की अशीच सुस्ती येते. मी पिवळ्या आनल्या हायेत जवाईबापूसाठी. आजपासून त्याले ह्या द्या अन् पांढऱ्या मनकर्णालेच घेऊ द्या. आठ दिवसांत बापू धावाले लागतीन."

गोदाबाईनं कपाळावर हात मारला. "हे पहिलेच सांगाचं ना. मी त पोराले बायकी दवाई चारत बसली." ती हसली सुद्धा. बाजेवरून सूर्यभानही कसनुसा हसला. दुर्गाबाईच्या छातीवरचा धोंडा हलला. झालं, निभावलं. दोन्ही घरं वाचली. ती मनात डॉक्टरच्या पाया पडली आणि शेषरावाला सांगायचं वाक्यही तिनं जुळवून ठेवलं.

"पंचफुले," गोदाबाईनं आत हाक मारली. "इकडं ये व माय."

आतून गोदाबाईची लेक पंचफुला आली. पहिलटकरीण, सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. पोटावर हात ठेवून, भिंत धरून चालत होती. दुर्गाबाईला ती घरात आहे हे ठाऊकच नव्हतं.

"पाहा, इहीनबाई, पोरीचं तोंड कसं उतरून गेलं," गोदाबाई म्हणाली. "बायकांच्याच हायेत ना पांढऱ्या? मंग आमच्या पंचफुलेलेही देतो दोन-दोन. पोटातल्यालेही ताकद येईन. तुमच्या पोरीले काय घाई, तिचं त अजून काही नाई. तिले उरतीन त्या." आणि तिनं दुर्गाबाईच्या मांडीवरचा डबा उचलला, झाकण काढलं, आणि तळहातावर दोन पांढऱ्या गोळ्या घेतल्या.

पंचफुलेनं हात पुढं केला. भोळी पोरगी. तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

दुर्गाबाईच्या जिभेवर तिसरं खोटं आलं होतं. गरोदर बाईला चालत नाहीत, म्हणायचं. पण गोदाबाईनं विचारलं असतं, काहून नाही चालत? मग चौथं. आणि आपण गेल्यावर ही बाई प्रेमानं, अगदी प्रेमानं, कोणाकोणाला वाटेल याचा काय नेम? डबा घरात राहणार होता आणि त्याच्यावर तो दंड फुगवलेला माणूस राहणार होता.

तिनं झडप घालून पंचफुलेच्या हातावर हात मारला. गोळ्या जमिनीवर घरंगळत गेल्या.

"ताकदीच्या नाईत त्या," ती म्हणाली. "येडाच्या हायेत. माही पोरगी बिमार हाय, इहीनबाई. तिले आवाज आयकू येतात. लग्नाच्या पहिलेपासून. त्या गोळीवर ते बरी होती, अन् तुमी गोळी काढून घेतली, अन् तुमची काई चुकी नाई. मी खोटं बोलली. जवाईबापूले काहीच रोग नाई. त्याले माह्या पोरीची दवाई चढली."

मग चुलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मनकर्णा धावत आली. पदर पडलेला, हात पिठाचे. तिनं आईला मागून मिठी मारली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबून धरलं. "नको, नको, नको," ती म्हणत होती. "सांगतलं हिनं. आता मरन. आता माही माय मरन."

तेव्हा दुर्गाबाईला गोठा आठवला. हळदीचा दिवस आठवला, आणि गळ्यावर ठेवलेला पोरीचा हात. लोक दिवसातून दहादा म्हणतात, मेलेलं तोंड पाहशील. कोण मनावर घेतं? पण या पोरीला कानात बोलणारे होते, त्यांनी ते खरं करून ठेवलं होतं. सासूनं डबा मागितला तेव्हा तिला एकच शब्द बोलायचा होता, हे औषध आहे. तो बोलली असती तर आई मेली असती. म्हणून तिनं रोज आपल्या हातानं आपली गोळी नवऱ्याला दिली, पाण्याच्या पेल्यासकट, आणि स्वतः त्या आवाजांत बुडत गेली. आईला वाचवत होती.

"म्हनजे हिले बी असंच होत होतं?" बाजेवरून सूर्यभानचा जड आवाज आला. "जीभ अशी? डोकं असं? अन् तरी पहाटे उठून सारं करत होती?"

गोदाबाई उभी होती. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. ती ओरडली असती तर दुर्गाबाईला बरं वाटलं असतं.

"चार-चार चारल्या मी त्याले," गोदाबाई म्हणाली. "माह्या हातानं. पोरगा वखराखाली आला असता. पोरीच्या पोटातलं गेलं असतं." ती खाली वाकली, जमिनीवरच्या दोन्ही गोळ्या उचलल्या, पदरानं पुसल्या आणि डब्यात टाकून डबा दुर्गाबाईपुढं ठेवला. "बिमार हाय म्हनून सांगतलं असतं, त मी नाई म्हटलं असतं. खरं सांगतो, नाईच म्हटलं असतं. पन मले आंधारात ठेवाचा तुमाले काय हक्क होता? घेऊन जा तुमची पोरगी."

"इहीनबाई, पाया पडतो तुमच्या. तिले घरात ठेवा, मी इथंच राहून गोळ्या देईन. जवाईबापूले बरं वाटेस्तोवर भांडे घाशीन."

"घेऊन जा."

"माय, थांब ना," सूर्यभान म्हणाला. तो उठून बसला, पाय खाली सोडले, उभा राहिला आणि बाजेचा खूर धरून पुन्हा खाली बसला.

"तू निजून राय," गोदाबाई म्हणाली. तिनं सुनेचं लुगडं आणि चोळ्या स्वतः बांधून दिल्या. त्या बोचक्यात एक भाकरही ठेवली, दोघींच्या वाटेसाठी. तेवढी माणुसकी त्या बाईत होती.

अकोटहून निघालेली मोटर भरलेली होती. मनकर्णा खिडकीशी बसली, दुर्गाबाई तिच्याजवळ. पोरगी बाहेर बघत नव्हती. आईकडे बघत होती, पापणी न हलवता. थोड्या थोड्या वेळानं आईच्या नाकाखाली तळहात धरायची, श्वास लागतो का ते पाहायची, आणि हात मागं घ्यायची. पुन्हा धरायची. आजूबाजूचे लोक बघत होते. दुर्गाबाई मान खाली घालून बसली. पोरीचं घर गेलं होतं. उद्या वलगावात तोंड दाखवायचं होतं, शेषरावाला सांगायचं होतं. डॉक्टर म्हणाला होता तसं त्याच्यापुढं बसून रडायचं होतं. आणि पोरगी पुन्हा हसेल की नाही, भुलाबाईचं गाणं म्हणेल की नाही, कोण सांगणार? एकदा गेलेले आवाज परत आले की पहिल्यापेक्षा खोल बसतात, असंही डॉक्टर म्हणाला होता.

तिनं डबा काढला. पांढरी गोळी पोरीपुढं धरली. "घे बाई."

मनकर्णानं तोंड मिटून घेतलं आणि गोळी आईच्या मुठीत परत दाबली. "लपव," ती म्हणाली. "लोकं पायतात. तू मरशीन."

पुढच्या बाकावर आंब्याची टोपली मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. ती वळून बघत होतीच. "कायच्या गोळ्या व्हय व माय, पोरीले?" तिनं विचारलं.

ताकदीच्या, हे दुर्गाबाईच्या ओठांवर आलं. वर्षभराची सवय. मनकर्णाचा हात तिच्या तोंडाकडे निघाला होता. दुर्गाबाईनं तो हात वाटेतच पकडला, आपल्या नाकाखाली धरून ठेवला, आणि साऱ्या मोटरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माही पोरगी मनानं बिमार हाय, बाई. तिले नसलेले आवाज आयकू येतात. हे त्याची दवाई हाय. रोज घ्या लागते."

मोटरीतली बोलणी थांबली. कोणीतरी आपलं लेकरू जवळ ओढलं. म्हातारी पुन्हा पुढं वळली. दुर्गाबाईचे कान तापले होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती श्वास घेत होती, आणि तो श्वास पोरीच्या तळहाताला लागत होता. मनकर्णा वाट पाहत होती. आई मरायची वाट. एक गाव मागं पडलं. आई बसलेलीच होती.

"अजून एक डाव सांग," मनकर्णा म्हणाली.

तिकीट तपासायला कंडक्टर आला. दुर्गाबाईनं त्याला सांगितलं. त्यानं काही विचारलं नव्हतं तरी सांगितलं. तो "बरं, बरं" म्हणत पुढं सरकला. मग पलीकडच्या बाकावरच्या जोडप्याला सांगितलं. त्यांनी तोंडं फिरवली. मग आवाज चिरकेपर्यंत तिनं कोणाला म्हणून नाही, मोटरीला सांगितलं, माझी पोरगी बिमार आहे, हे औषध आहे, मी जिवंत आहे. दर वेळी मनकर्णाचा हात तिच्या नाकाखाली होता.

अकोल्याच्या अलीकडं कुठंतरी पोरीनं तो हात खाली घेतला. आईच्या मुठीची बोटं एकेक करून उघडली, गोळीकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.